उजव्या हाताची बोटं टायपिंग विसरली. लहान मेंदूत नेमकं काय साठवलेलं असतं?

टायपिंगवाल्या_काकू (लष्कर, ग्वाल्हेर)

मी ५९ वर्षांची. दौलतगंजच्या मागच्या गल्लीत ३१ वर्षं टायपिंगचा क्लास चालवते. आधी रेमिंग्टनची मशिनं होती, आता अकरा कॉम्प्युटर आहेत. मुलं बहुतेक सीपीसीटीच्या, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सरकारी संगणक परीक्षेच्या, हिंदी टायपिंगसाठी येतात.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका पहाटे उठले तर खोली गरगर फिरत होती. उलट्या सुरू झाल्या आणि उभी राहिले की उजवीकडे कलायची. जवळच्या दवाखान्यात सीटी स्कॅन केला, त्यात काही दिसलं नाही म्हणून चक्करेची गोळी देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी चहाचा कप तोंडाऐवजी गालाला लागला. तेव्हा भाच्यानं दुसरीकडे नेलं, एमआरआय झाला आणि कळलं की लहान मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटून तिथला एक तुकडा मेला आहे.

आज पाच महिने झाले. चालते, बोलणं स्वच्छ आहे, उजव्या हातात जोरही पूर्ण आहे, नारळ फोडते. पण की-बोर्डवर बसले की डावा हात माझा आणि उजवा दुसऱ्या कुणाचा असं होतं. डाव्या बोटांना काही सांगावं लागत नाही. उजव्या हाताला प्रत्येक अक्षर विचार करून सांगावं लागतं. आमच्या लेआउटमध्ये 'सरकार' हा शब्द सगळा मधल्या ओळीत आहे. स उजव्या अनामिकेवर, र तर्जनीवर, क डाव्या मधल्या बोटावर, काना उजव्या मधल्या बोटावर, पुन्हा र. पाचातल्या चार टिचक्या उजव्या हाताच्या. हा शब्द मी आयुष्यात किती लाख वेळा मारला असेल. आता अनामिका स सोडून शेजारच्या य वर पडते आणि तर्जनी र वरून वेळेत उठत नाही, म्हणून पडद्यावर 'सररररकार' उमटतं.

३१ वर्षं मी मुलांना सांगत आले, 'बोटांत उतरू दे.' ते उतरतं म्हणजे कुठे उतरतं? त्या मेलेल्या तुकड्यातच माझं टायपिंग होतं का? पुसलं गेलं, की आत आहे आणि फक्त वाट तुटली आहे? आणि आता सराव करायचा तो कसा? भाचा शेजारी बसून प्रत्येक चूक लाल पेननं दाखवतो. तासाभरात सुधारतेही, पण सकाळी पुन्हा पहिल्या पायरीवर असते. डॉक्टर भले आहेत, पण त्यांच्या दाराशी पन्नास माणसं बसलेली असतात. इथे कुणी या विषयात काम करणारं असेल तर नीट समजावून सांगा. कठीण असलं तरी चालेल.

पर्किंजे_पाहणारा

काकू, मी शिंदे की छावणीचा. सध्या बंगळूरला झेब्रा माशाच्या पिल्लांच्या लहान मेंदूवर पीएचडी करतो आहे. पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं, त्यामुळे जिवंत पिल्लाच्या डोक्यात पेशी कामाला लागल्या की सूक्ष्मदर्शकातून चमकताना दिसतात. मी डॉक्टर नाही. उपचाराचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, संशोधनाचं मी सांगतो.

'उजव्या हाताला प्रत्येक अक्षर विचार करून सांगावं लागतं' हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. गॉर्डन होम्स नावाचे ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ होते. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या भागात गोळी लागलेले सैनिक त्यांनी तपासले आणि १९१७ साली त्यावर लिहिलं. पुढे त्यांनी उजव्या बाजूला इजा झालेल्या एका रुग्णाचे शब्द नोंदवून ठेवले: डाव्या हाताच्या हालचाली नकळत होतात, उजव्या हाताची मात्र प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. शंभर वर्षांच्या अंतरानं तुम्ही तेच लिहिलं आहे. तुम्हाला होतंय ते मनाचे खेळ नाहीत, आणि वयामुळे आलेला आळस तर नाहीच नाही. इजा उजवीकडे आणि बिघडला उजवाच हात, हेही बरोबर जुळतं. मोठ्या मेंदूचा उजवा भाग डावा हात चालवतो, पण लहान मेंदूचे मार्ग दोनदा ओलांडून जातात, म्हणून त्याची उजवी बाजू उजव्या हाताचीच असते.

आता आतलं. लहान मेंदू वजनानं सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिस्स्याइतका, पण माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी सुमारे ६,९०० कोटी एकट्या त्यात आहेत. २००९ सालची ही मोजणी आहे. त्यातल्या जवळजवळ सगळ्या बारीक कणपेशी. त्यांच्यापासून निघणारे तंतू एकमेकांना समांतर धावतात आणि पर्किंजे नावाच्या मोठ्या, पंख्यासारख्या सपाट पसरलेल्या पेशींमधून पार होतात. एका पर्किंजे पेशीला असे दीड-दोन लाख तंतू भेटतात. शिवाय तिला आणखी एक तंतू मिळतो, एकच, पण वेलीसारखा तिच्या फांद्यांना विळखे घालत वर चढणारा. पर्किंजे पेशी स्वतःहूनच सेकंदाला पन्नास-शंभर वेळा ठिणग्या टाकते, समांतर तंतू तो वेग कमी-जास्त करतात. वेलीचा तंतू सेकंदाला साधारण एकदाच बोलतो, पण बोलला की सगळी पेशी हादरते.

एवढ्या कमी वेळा बोलणाऱ्याचं काम काय? १९६९ साली केंब्रिजच्या डेव्हिड मार या चोवीस वर्षांच्या मुलानं याचं उत्तर निव्वळ कागदावर मांडलं. वेलीचा तंतू हा शिक्षक आहे, असं तो म्हणाला. दोन वर्षांनी नासातले अभियंते जेम्स आल्बस यांनी त्यात एक दुरुस्ती केली. शिक्षक बोलतो तो चूक होते त्या क्षणी, आणि त्या क्षणी जे समांतर तंतू चालू होते त्यांचे पर्किंजे पेशीशी असलेले सांधे मजबूत न होता उलट ढिले पडतात. तुम्ही वर्गात मुलाच्या मागे उभ्या आहात, चुकीची की दाबली त्याच क्षणी टेबलावर पट्टी आपटता, आणि त्या चुकीपर्यंत नेणारी सवय तेवढी सैल होते, असं काहीसं. १९८२ साली जपानच्या मासाओ इतो यांनी प्रयोगात हे ढिलं पडणं खरोखर दाखवलं.

यात एक गंमतीची गोष्ट आहे, ती मला या पेशीत सगळ्यात आवडते. पर्किंजे पेशी कुणालाही 'कर' म्हणत नाही. ती फक्त रोखते. हेही इतो यांच्याच गटानं १९६०च्या दशकात शोधलं. म्हणजे बोट र वर पडणं आणि वेळेत उठणं हे ब्रेक किती आणि कोणत्या क्षणी सोडला यावर ठरतं. हालचाल वेळेत न थांबणं हे लहान मेंदूच्या इजेचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. तुमचा 'सरररर' तिथूनच येतो.

पण हे सगळं असंच आहे असं मी शपथेवर सांगणार नाही. २०११ साली रॉटरडॅमच्या गटानं असे उंदीर तयार केले ज्यांच्यात हे सांधे ढिले पडणं बंद होतं, आणि ते उंदीर तरीही हालचाली शिकले. २०१४ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या गटानं दाखवलं की दोन संकेतांमध्ये किती वेळ थांबायचं हे एकटी पर्किंजे पेशी स्वतःच्या आत शिकू शकते, भोवतालच्या जाळ्यानं वेळ मोजून देण्याची तिला गरज नाही. मारच्या हिशेबानं एका वेळी थोड्याच कणपेशी जाग्या असायला हव्यात. २०१७च्या सुमारास जिवंत उंदरांत पाहिलं तर पुष्कळ जाग्या दिसल्या. त्यामुळे 'शिक्षकाचा तंतू' ही कल्पना टिकून आहे, पण शिकणं त्या एकाच सांध्यात होतं हे आता फारसं कुणी धरून बसत नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रयोग सशांवरचा आहे, मॅककॉर्मिक आणि थॉम्सन यांचा, १९८४चा. आवाज ऐकवायचा आणि लगेच डोळ्यावर हवेचा झोत सोडायचा. ससा शिकतो आणि झोत यायच्या आत, नेमक्या वेळी, पापणी मिटतो. मग लहान मेंदूच्या आतलं एक छोटं केंद्र एकाच बाजूला नष्ट केलं. शिकलेलं मिटणं त्या बाजूला गेलं. पण झोत आला की पापणी मिटतच होती. म्हणजे पापणीत जोर होता, प्रतिक्षिप्त क्रिया होती, गेलं ते फक्त शिकलेलं, वेळेवरचं मिटणं. दुसऱ्या डोळ्याला ते नव्यानं शिकवताही आलं. नारळ फोडणारा तुमचा हात 'सरकार' का मारत नाही, हे या सशात दिसतं.

तर तुमचं टायपिंग त्या तुकड्यात होतं का? त्यातला एक महत्त्वाचा हिस्सा, हो. सगळं नाही. कोणतं अक्षर कुठल्या बोटावर हे तुम्ही आम्हाला न अडखळता लिहून दाखवलंत, ते ज्ञान शाबूत आहे. एवढं घोटलेलं कसब मोठ्या मेंदूच्या हालचालींच्या पट्ट्यातही असतं आणि त्याच्या तळाशी असलेल्या केंद्रांमध्येही. गेलं आहे ते बोटांचं वेळापत्रक.

आता सराव. इथे मला तुमच्या भाच्याला एक सांगायचं आहे. २०१६ साली थेरियन, वोल्पर्ट आणि बॅस्टियन यांनी लहान मेंदू झिजलेल्या रुग्णांना हात एका लक्ष्यापर्यंत नेण्याचं नवं कसब शिकवलं, दोन रीतींनी. एका रीतीत प्रत्येक वेळी चूक किती आणि कुठल्या बाजूला ते दाखवलं. दुसरीत चूक दाखवलीच नाही. जमलं की 'जमलं' एवढंच कळवलं. जमलं कशाला म्हणायचं याचं मापही ठरलेलं नव्हतं, त्या माणसाच्या ताज्या प्रयत्नांवरून ते पुढे सरकत राहायचं. चूक दाखवून शिकलेलं या रुग्णांकडे टिकलंच नाही. 'जमलं'वर कुणी जास्त, कुणी कमी शिकलं, पण जेवढं शिकलं तेवढं पूर्ण टिकलं. चुकीवरून शिकायचा रस्ताच ज्यांचा तुटला आहे त्यांना चुकाच दाखवत राहिलो तर काय होणार? 'सकाळी पुन्हा पहिल्या पायरीवर' हे तुमचे शब्द वाचून मला हाच प्रयोग आठवला. ते रुग्ण झिजेचे होते, तुमचा झटका आहे, आणि हात नेणं म्हणजे टायपिंग नव्हे, हे फरक लक्षात ठेवा. पण करून पाहण्यात अपाय दिसत नाही.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंटवाला

ताई, मी कारखान्यात बॉयलरची नियंत्रणं सांभाळली, ३४ वर्षं. पीएचडीवाल्या मुलानं पेशी सांगितल्या, मी हिशेब सांगतो.

मिनिटाला ४० शब्द, शब्दाला ५ टिचक्या धरा. म्हणजे मिनिटाला २०० टिचक्या, दोन टिचक्यांत ०.३ सेकंद. चांगला टायपिस्ट याच्या दुप्पट वेगानं जातो, म्हणजे ०.१५ सेकंद. डोळ्यानं चूक पाहून हात सुधारायला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे बातमी पोचेपर्यंत पुढचं अक्षर पडून गेलेलं असतं. बॉयलरचंही तसंच. झडप आत्ता उघडली तर तापमान काही मिनिटांनी बदलतं. बदल दिसेपर्यंत झडप उघडतच राहिलात तर काटा इकडून तिकडे झोके घेऊ लागतो. त्यावर ऑटो स्मिथ यांनी १९५७ साली एक युक्ती दिली. यंत्राची एक प्रतिकृती नियंत्रकाच्या आतच ठेवायची, जी 'आत्ता हे केलं तर पुढे काय होईल' ते आधीच सांगते. १९९३ साली मायल, वोल्पर्ट आणि सहकाऱ्यांनी लेखच लिहिला की लहान मेंदू म्हणजे असाच स्मिथचा अंदाज बांधणारा नियंत्रक असेल का. मी तो निवृत्तीनंतर वाचला आणि दोन रात्री त्याचाच विचार करत होतो. तुमचा हात लक्ष्याजवळ जाताना डोलत असेल, कप तोंडाशी नेताना झोके घेत असेल, तर ते अंदाज नसलेल्या बॉयलरसारखंच आहे. अशा वेळी यंत्राचा वेग कमी करतात. तुम्हीही आधी वेग इतका उतरवा की बातमी टिचकीच्या आधी पोचेल.

फिजिओ_इंदूर

काकू, वरचं सगळं वाचलं. मी रोज असे रुग्ण बघते, म्हणून दोन-तीन कामाच्या गोष्टी.

कोपर टेबलावर टेकवून टाइप करता का? नसाल तर आजपासून करा. खांदा, कोपर, मनगट एकदम हलले की प्रत्येक सांध्याचा धक्का दुसऱ्याला बसतो, आणि तो धक्का आधीच ओळखून सांभाळणं हे लहान मेंदूचं काम. बॅस्टियन यांनी १९९६ साली हे मोजून दाखवलं आहे. एकच सांधा हलवायचा असला की हेच रुग्ण बरंच नीट हलवतात. म्हणून कोपर आणि मनगट टेकवा, फक्त बोट हलू द्या. ते जमलं की मनगट उचला. कोपर सगळ्यात शेवटी.

सराव रोज, थोडा. थकल्यावरचा सराव मी मोजत नाही. २००९ साली जर्मनीत झिजेच्या रुग्णांना चार आठवडे समन्वयाचे व्यायाम नेटानं दिले, त्यांचा तोल आणि चाल सुधारली. लहान मेंदू बिघडलेला असतानाही व्यायामाचा उपयोग होतो, हे मी त्यावरून प्रत्येक नातेवाइकाला सांगते.

आणि रक्तदाबाच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एकही दिवस चुकवू नका. टायपिंगपेक्षा ते आधी. वाचणाऱ्या इतरांनाही सांगते: एकाएकी गरगरणं, त्यासोबत उभं राहता न येणं, बोबडं बोलणं किंवा एका हाताचा नेम चुकणं, असं झालं तर गोळी घेऊन झोपू नका. या भागातला ताजा झटका सीटीत बऱ्याचदा दिसत नाही.

जुना_विद्यार्थी_२००४

मॅडम, तुम्ही मला ओळखाल अशी खूण देतो: तिसऱ्या मशिनवर बसायचो, त्याचा स्पेसबार अडकायचा. आज जिल्हा न्यायालयात आहे, दिवसभर टायपिंगच करतो. तुम्ही आमच्या हातांवर रुमाल टाकायच्या, की-बोर्ड दिसू नये म्हणून. तुमच्याकडे स्पीड टेस्टची ती पितळी घंटी अजून आहे का? रविवारी येतो.

टायपिंगवाल्या_काकू (लष्कर, ग्वाल्हेर)

सगळ्यांना उत्तर द्यायला सात आठवडे लावले, कारण मला आधी करून पाहायचं होतं.

छावणीच्या मुला, तुला अरे-तुरे करते. होम्सच्या त्या रुग्णाचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी अगदी हेच म्हणालं आणि कुणीतरी ते ऐकून लिहून ठेवलं, याचा मला किती आधार वाटला ते इथे लिहिता येत नाही. घरात सगळे 'होईल, होईल' म्हणत होते. काय झालंय हे पहिल्यांदा तू सांगितलंस.

लाल पेन बंद केलं. विद्यार्थी रविवारी आला, घंटी त्यानंच पुसून टेबलावर ठेवली. पद्धत अशी बसवली. हातांवर रुमाल, पडदा भाच्याकडे वळवलेला, कोपर आणि मनगट टेकलेलं. मी 'सरकार' मारते, भाचा मोबाइलवर सेकंद मोजतो. शब्द बिनचूक आणि मागच्या दहा वेळांच्या सरासरीपेक्षा लवकर आला तर घंटी वाजते. नाही तर काहीही नाही. तो तोंडसुद्धा वाकडं करत नाही, हे त्याला शिकवायला मला चार दिवस लागले. रोज वीस मिनिटं, घड्याळ लावून.

पहिला आठवडा वाईट गेला. घंटी वाजायचीच नाही, आणि शांतता लाल पेनापेक्षा जास्त टोचायची. इन्स्ट्रुमेंटवाल्या दादांचं ऐकून वेग आणखी उतरवला, एका शब्दाला नऊ सेकंद. मग वाजू लागली. आता पाच सेकंदांच्या आसपास आहे. लाल पेनाच्या दिवसांत मी एका तासात याहून पुढे जात असे. पण आता रात्री जिथे सोडते तिथेच सकाळी सापडते. एकदा घरात लग्न होतं, तीन दिवस बसलेच नाही. चौथ्या दिवशी भीत भीत बसले, तरी तिथेच होतं. हे घंटीमुळे झालं, कोपर टेकल्यामुळे की नुसते दिवस गेल्यामुळे, ते माझ्या एकटीवरून ठरणार नाही, हे मला कळतं. तुझ्या पद्धतीत त्यासाठी दुसरा गट लागतो. पण वहीत रोजचे आकडे आहेत, हवे असतील तर पाठवते.

तर्जनी र वरून वेळेत उठते आता. अनामिका अजून दहात तीनदा य वर जाते. तिचा मला राग येत नाही, तिला वेळ देते आहे. एक वेगळी गोष्ट ध्यानात आली. 'सरकार' जमू लागल्यावर 'साकार' आणि 'सार' न शिकवताच बरे आले. 'हीरा' मात्र आला नाही, त्यात उजव्या तर्जनीला शेजारच्या ई-कारावर सरकून परत र वर यायचं असतं. याचा अर्थ तू मला सांग, मी तुझ्या मासोळ्यांना विचारू शकत नाही.

वर्गात मुलांना शिकवायची रीतही बदलली आहे. त्यांचे लहान मेंदू शाबूत आहेत, त्यांना चूक दाखवतेच. पण जमलं तेव्हा सांगायचं मी ३१ वर्षांत फार कमी वेळा केलं होतं, ते आता करते.

परवापासून 'ग्वालियर' घेतला आहे. पहिल्याच अर्ध्या ग ला उजव्या करंगळीनं शिफ्ट दाबून धरायची, ती दाबलेली असताना डाव्या हाताची टिचकी पडली पाहिजे आणि लगेच करंगळी सोडायची. दोन हातांनी एकमेकांची वाट पाहायची असा शब्द अजून घेतला नव्हता. काल वीस मिनिटांत घंटी दोनदा वाजली.